नोहाच्या तारवात मारियो

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

नाईल नदीचा काठ आहे. एक हिब्रू बाई तान्ह्या बाळाला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून धावते आहे. फारोचे शिपाई वाट अडवून उभे आहेत. बाळ म्हणजे मोशे, आणि ही कथा तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पण इथे तिला एक फाटा फुटतो. हातातलं एक बटण दाबलं की ती बाई बाळाला सरळ फेकून देते. आपटल्याचा आवाज नाही, रडणं नाही, शिक्षा नाही. वाटलं तर परत उचलावं, नाही तर तसंच पुढे धावावं. टप्पा संपला की मात्र खेळ आठवण करून देतो, की बाळ मागेच राहिलं.

हा खेळ म्हणजे 'बायबल ॲडव्हेंचर्स'. अमेरिकेत १९९१ मध्ये तो ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत विकला जात होता. एकाच कॅसेटमध्ये तीन खेळ होते: नोहाचं तारू, बाळ मोशे, आणि दावीद व गल्याथ. कॅसेट हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण नव्वदच्या दशकात आपल्याकडची मुलं मारियो आणि काँट्राच्या त्या प्लॅस्टिकच्या डबीला कॅसेटच म्हणायची. या खेळाच्या सुमारे साडेतीन लाख प्रती खपल्या, असं सांगितलं जातं. बाळाला फेकता येतं याबद्दल गेली तीस वर्षं लोक हसत आले आहेत. मीही हसलो. पण ते बाळ फेकता का येतं, याचं उत्तर शोधायला गेलं की एक मोठा इतिहास उलगडतो. धर्म आणि खेळ एकाच ताटात वाढायचे तर काय होतं, याचा तो इतिहास आहे.

सुरवात करू या निन्टेन्डोपासून. अमेरिकेत घरगुती व्हिडीओ गेमचा धंदा १९८३ मध्ये कोसळला होता. रद्दड खेळांनी दुकानं भरून गेली आणि गिऱ्हाईक विटलं. या जपानी कंपनीनं १९८५ मध्ये तिथे पाऊल ठेवलं ते हा धडा गिरवूनच. तिच्या यंत्रात एक कुलपासारखी चिप होती. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप असेल तरच खेळ सुरू व्हायचा, आणि ती जोडीदार चिप फक्त निन्टेन्डोकडे मिळायची. म्हणजे खेळ कुणीही लिहावा, पण कॅसेट आम्हीच बनवणार, वर्षाला पाचच खेळ काढू देणार आणि त्यात काय असावं-नसावं तेही आम्हीच पाहणार. १९९० पर्यंत अमेरिकेतल्या जवळजवळ एक तृतीयांश घरांत हे यंत्र पोचलं होतं. त्यामुळे या अटी म्हणजे त्या धंद्याचा कायदाच होता.

कॅलिफोर्नियात ब्रेआ नावाचं गाव आहे. तिथल्या 'कलर ड्रीम्स' या छोट्या कंपनीनं हा कायदा झुगारला. तिच्या लोकांनी कॅसेटमधून विजेचा एक झटका देऊन ती पहारेकरी चिप क्षणभर गारद करायची युक्ती शोधली. खेळ चालू लागले, पण दुकानदार बिचकले. परवान्याशिवायचा माल ठेवलात तर आमचा माल मिळणार नाही, असा दबाव निन्टेन्डो आणत असे, आणि मारियो गमावणं कुठल्याही खेळण्यांच्या दुकानाला परवडणारं नव्हतं. शिवाय कलर ड्रीम्सचे खेळही काही फार चांगले नव्हते.

मग प्रश्न असा पडला, की अमेरिकेत असं कुठलं दुकान आहे ज्याला निन्टेन्डोची भीती नाही? जिथे निन्टेन्डोचा मालच नाही ते. उत्तर निघालं ख्रिस्ती पुस्तकांची दुकानं. देशभर अशी हजारो दुकानं होती. बायबल, भक्तिगीतं, भिंतीवरची वचनं, बाप्तिस्म्याच्या भेटवस्तू असा त्यांचा माल. त्यांच्यासाठी कलर ड्रीम्सनं 'विजडम ट्री' ही नवी पाटी लावली. ज्ञानवृक्ष! त्या काळी तिथे काम केलेल्या काहींनी पुढे मुलाखतींत मोकळेपणानं सांगितलं, की प्रोग्रॅम लिहिणारे बहुतेक जण काही विशेष धार्मिक नव्हते. म्हणजे ख्रिस्ती व्हिडीओ गेमच्या पहिल्या मोठ्या यशामागे एक कुलूप होतं आणि ते चुकवून जाणारी एक पळवाट होती. श्रद्धा नंतर आली, तीही गिऱ्हाइकाच्या बाजूनं.

याहूनही आधीचा एक प्रयत्न नोंदवायला हवा. १९८३ मध्ये 'स्पॅरो' या ख्रिस्ती संगीताच्या कंपनीनं मुलांच्या आपल्याच एका गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेवरून अटारी यंत्रासाठी 'म्युझिक मशीन' नावाचा खेळ काढला होता. पण ती एकटी चिमणी. तिच्यानं वसंत आला नाही.

निन्टेन्डोच्या नियमांतली एक गंमत इथे सांगायला हवी. या कंपनीच्या अमेरिकी शाखेला आपल्या खेळांत कुठलंच धर्मचिन्ह नको होतं. जपानहून येणाऱ्या खेळांतले क्रूस पुसले जात. 'ॲक्टरेझर' नावाच्या खेळात खेळाडू प्रत्यक्ष देव होऊन सैतानाशी लढतो. १९९१ मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा देवाचं नाव झालं 'मास्टर' आणि सैतानाचं 'तँझ्रा'. कुणाच्या भावना दुखावू नयेत हा हेतू. त्यामुळे अधिकृत दारानं देव आत येऊ शकत नव्हता. तो आला मागच्या दारानं, विजेचा झटका देऊन. निन्टेन्डोनं विजडम ट्रीवर खटला का भरला नाही, याविषयी लोक तर्क करतात, की बायबलच्या गोष्टी विकणाऱ्यांना कोर्टात खेचणं शोभलं नसतं. तर्क पटण्यासारखा आहे.

आता बाळाकडे येऊ. १९८८ मध्ये अमेरिकेत मारियोचा दुसरा भाग आला होता. त्यात जमिनीतून भाज्या उपटायच्या, डोक्यावर धरायच्या आणि शत्रूवर फेकायच्या. 'बायबल ॲडव्हेंचर्स' करणाऱ्यांनी हाच सांगाडा घेतला. उचल, डोक्यावर धर, फेक. नोहासाठी तो झकास बसला. नोहा रानात हिंडतो, प्राणी पकडतो, एकावर एक रचून डोक्यावरून तारवात नेतो. बैल डोक्यावर घेऊन उड्या मारणारा नोहा पाहून कुणालाही हसू येईल. पण कथेशी त्याचं वाकडं नाही. प्राणी गोळा करणं हेच नोहाचं काम होतं आणि खेळाडूचे हातही तेच करतात. दावीद मेंढ्या गोळा करतो, तेही ठीक. बाळ मोशेच्या बाबतीत मात्र सांगाडा तोच राहिला. प्रोग्रॅमच्या दृष्टीनं मोशे म्हणजे भाजी. उचलता येते ती वस्तू फेकताही येते.

मला या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे सापडते. खेळात चित्रं असतात, नावं असतात, अधूनमधून वचनांच्या पाट्या असतात. पण खेळाडूच्या बोटांना आठवतं ते क्रियापद. उचल, फेक, मार, पळ, शोध, थांब. नामं बदलून धर्म येत नाही. क्रियापद बदलावं लागतं, आणि ते बदलणं फार महाग पडतं.

विजडम ट्रीनं ते बहुतेक वेळा बदललं नाही. 'क्रिस्टल माइन्स' हा कलर ड्रीम्सचा जुना खेळ. त्यात एक यंत्रमानव खाणीत दगड फोडत फिरतो. १९९१ मध्ये त्याचाच 'एक्झोडस' झाला. यंत्रमानवाच्या जागी मोशे आला, आणि तो गोळ्यांऐवजी इंग्रजी 'डब्ल्यू' हे अक्षर झाडू लागला. डब्ल्यू म्हणजे वर्ड, देवाचं वचन. पुढच्या वर्षी तोच सांगाडा यहोशवाला मिळाला. त्याहून मजा 'मिनेस बीच'ची. पळवून नेलेल्या मैत्रिणीला सोडवायला स्केटबोर्डवरून निघालेल्या पोराचा हा खेळ. १९९५ मध्ये तो 'संडे फनडे' झाला. पोरगा तोच, स्केटबोर्ड तोच. आता तो रविवारच्या बायबल शाळेला उशीर झाला म्हणून पळतो आहे! नाटक कंपन्या एकाच पडद्यावर राजवाडाही दाखवत आणि रानही, त्यातलाच हा प्रकार.

तरी मी या कंपनीला सरसकट निकालात काढणार नाही. १९९२ मधला 'स्पिरिच्युअल वॉरफेअर' हा तिचा सर्वांत जमलेला खेळ. 'झेल्डा' या प्रसिद्ध खेळाची ती उघड नक्कल आहे, पण नकलेत जीव ओतलेला आहे. मोठं शहर, गल्ल्या, बागा, गोदी. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात 'आत्म्याचं फळ' अशी कल्पना आहे: प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता वगैरे. खेळ करणाऱ्यांनी ते फळ अक्षरशः घेतलं. नायकाच्या हाती पेअर, सफरचंद, डाळिंब, केळं येतं आणि ही फळं तो रस्त्यातल्या पापी माणसांवर फेकतो. फळ लागलं की माणूस गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि नाहीसा होतो. कधी कधी त्याच्यातून भूत बाहेर पडतं, मग त्यालाही एक फळ. केळं मारून धर्मांतर, असं म्हणून थट्टा करता येईल. पण मारामारीचा खेळ करायचा आणि कुणाला मारायचं तर नाही, या पेचातून त्यांनी काढलेली ती वाट होती. पुढची पंधरा वर्षं सगळे जण याच पेचाशी झुंजताना दिसतात.

या पेचाचं सर्वांत गोड उत्तर म्हणजे 'सुपर नोहाज आर्क थ्री-डी'. साल १९९४. 'वुल्फेन्स्टाइन थ्री-डी' हा नात्झी तुरुंगातून गोळ्या झाडत बाहेर पडण्याचा खेळ त्याआधी दोन वर्षं गाजला होता. विजडम ट्रीनं त्याचं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्रॅम, 'इड सॉफ्टवेअर'कडून रीतसर विकत घेतला. निन्टेन्डोनं आमच्या खेळाला कात्री लावली म्हणून इडनं रागानं तो देऊन टाकला, अशी एक कथा चवीनं सांगितली जाते. कथा छान आहे, पण व्यवहार साधा पैशांचा होता. कात्री मात्र खरी. निन्टेन्डोच्या आवृत्तीत वुल्फेन्स्टाइनमधलं रक्त गेलं, नात्झी चिन्हं गेली आणि शिकारी कुत्र्यांच्या जागी उंदीर आले.

विजडम ट्रीच्या खेळात तुरुंगाच्या जागी तारू आहे. बाहेर पाऊस. आत कित्येक दिवस कोंडलेले प्राणी पिसाळले आहेत. नोहाच्या हाती गोफण आहे आणि गोफणीत खाणं. बकरी लाथा झाडत अंगावर येते, तिला चार घास मारले की ती झोपून जाते. बस. सांगाडा हाणामारीचाच, पण 'मार' या क्रियापदाचं 'भरव' झालं. मी तो संगणकावर खेळून पाहिला आहे. तासाभरानं सगळ्या भिंती सारख्याच दिसू लागतात, हे खरं. पण दमलेल्या बकऱ्यांनी भरलेल्या दालनातून नोहा चालत जातो तेव्हा पाळणाघरात दुपारी होते तशी शांतता पसरते, आणि ती मला आवडली. या खेळाची कॅसेट यंत्राला एकटी चालत नसे. तिच्या डोक्यावर दुसरी, परवान्याची कॅसेट खोचावी लागे आणि तिच्या चिपच्या जोरावर कुलूप उघडे. म्हणजे नोहाच्या डोक्यावर इथेही कुणीतरी बसलेलंच! २०१४ मध्ये ती कॅसेट पुन्हा काढली गेली आणि २०१५ पासून खेळ संगणकावरही नव्यानं मिळू लागला. घेणारे बहुतेक जुन्या खेळांचे शौकीन.

मंडळी, खेळातून धर्म शिकवायची ही ओढ व्हिडीओ गेमनं आणलेली नाही. अमेरिकेत सेलम गावी १८४३ मध्ये 'मॅन्शन ऑफ हॅपिनेस' नावाचा पटावरचा खेळ निघाला. मूळ इंग्रजी, १८०० सालचा. सद्गुणाच्या घरात पडलात तर पुढे, दुर्गुणाच्या घरात पडलात तर मागे, आणि शेवटी सुखाचा वाडा. त्यात फासा नव्हता. फासा म्हणजे जुगार, तो भाविक घरात कसा चालेल? म्हणून भोवऱ्यासारखी, बाजूंवर आकडे घातलेली एक फिरकी असे. दान पडायचं तर दोन्हींत नशिबानंच, पण फिरकी सोवळी ठरली. आपल्याकडच्या मोक्षपटाची आठवण तुम्हाला झालीच असेल. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. जैनांचे ज्ञानचौपडही जुने आहेत. शिडी म्हणजे पुण्य, साप म्हणजे पाप, वर वैकुंठ. हाच पट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात गेला, तिथे पाप-पुण्याची नावं हळूहळू गळाली आणि उरले नुसते साप आणि शिड्या. मुलांना त्यांचं काही अडलं नाही. खेळात गंमत होती ती चढण्यात आणि घसरण्यात. घरावर 'क्रोध' लिहिलंय की काही नाही, याची फिकीर घसरणाऱ्याला नसते.

दुसरं उदाहरण खेळाचं नाही, पण याच गोत्रातलं आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली होती, पण पुराण ऐकण्याची भूक कुठे जाणार? त्यानं १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत. त्यानं लॅटिन उपदेशाला मराठी शब्दांचा मुलामा दिला नाही. ओवीची चाल, पुराणाचा विस्तार, श्रोत्यांचे प्रश्न, हे सगळं त्या प्रकाराचं स्वतःचं जे आहे ते घेतलं आणि त्यातच कथा रचली. ऐकणाऱ्याला ओवीचा आनंद आधी मिळतो. 'एक्झोडस'च्या कर्त्यांना हे जमलं नाही. त्यांच्याकडे ना ओवी स्वतःची होती, ना कथा.

आणखी एक कारण आहे आणि ते अगदी बाजारू आहे. ख्रिस्ती दुकानातून खेळ विकत कोण घेतं? आई, मावशी, आजी. खेळतं कोण? नातू. खोक्यावर नोहा आहे, आत रक्त नाही, एवढं पाहून आजी पैसे देते. तिला पटलं की विक्री झाली. नातवाला पटतं का, हे विक्रीनंतर कळतं आणि तोवर दुकानदाराला त्याचं काही नसतं. भेट म्हणून आलेली सुबोध पुस्तकं आपल्याही कपाटांत कोरी पडून असतात. खेळ गमतीदार करण्यासाठी जे पैसे आणि जी वर्षं ओतावी लागतात, ती ओतण्याचं या बाजारात कुणाला कारणच नव्हतं.

तरीही काही जण मनापासून झटले. १९९४ मध्ये 'कॅप्टन बायबल' हा संगणकावरचा खेळ आला. एका घुमटाखालच्या शहरावर असत्यानं ताबा मिळवला आहे. यंत्रं तुमच्याशी खोटं बोलतात. शहरात ठिकठिकाणी विखुरलेली वचनं गोळा करायची आणि ज्या खोट्याला जे वचन लागू पडेल ते निवडून उत्तर द्यायचं. क्रियापद बघा: शोध, वाच, निवड. इथे बायबल ही शोभेची पाटी नाही, तीच चावी आहे. श्रद्धेच्या बाजूनं पाहिलं तर विजडम ट्रीच्या सगळ्या खेळांपेक्षा हा प्रामाणिक. पण थोड्या वेळानं परीक्षेला बसल्यासारखं वाटू लागतं. पर्याय एक, दोन, तीन. निष्ठा पूर्ण, मजा बेताची.

१९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला आणि अमेरिकेत हिंसक खेळांविरुद्ध मोठा गदारोळ उठला. अशा वातावरणात पर्याय देऊ म्हणणारे पुढे आले. ओरेगॉनमधल्या 'एन-लायटनिंग' कंपनीचा 'कॅटेक्युमेन' २००० साली निघाला. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याला प्राचीन चर्चमध्ये हे नाव होतं. रोमच्या भुयारांत सोबत्यांना सोडवायला जायचं. हातात तलवार, तिच्यातून प्रकाशाचा लोळ. राक्षस नाहीसे होतात, आणि रोमन शिपाई लोळ लागताच गुडघे टेकतात. दिसायला तो खरोखर चांगला होता. पण केळ्याचा पेच इथे आणखी अवघड झाला. चित्र जितकं खरं, तितकं बंदूक रोखल्यासारखं ते माणसावर रोखणं डोळ्यांत खुपतं. मनुष्याचं मन पालटणं ही भाविकाच्या लेखी जगातली सर्वांत गूढ गोष्ट. ती नेम धरून होते?

२००६ मध्ये हा पेच फुटला. 'लेफ्ट बिहाइंड' या, जगाच्या अंताविषयीच्या अतिशय खपलेल्या कादंबऱ्यांवरून 'इटर्नल फोर्सेस' हा खेळ आला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ख्रिस्तविरोधकाच्या फौजा, समोर श्रद्धावंतांची सेना. प्रचारक पाठवून लोकांना आपल्या बाजूला वळवायचं. सैनिकही आहेत, रणगाडेही. कुणाला ठार केलं तर आपल्या माणसाचं आत्मिक बळ घटतं आणि प्रार्थनेचं बटण दाबलं की ते भरून येतं. कर्त्यांचं म्हणणं, बघा, आम्ही हत्येची किंमत लावली आहे. पण किंमत लावली म्हणजे ती चुकवताही येते. मार, मग बटण दाब, पुन्हा मार. सर्वांत बोचरी टीका केली ती काही ख्रिस्ती संघटनांनीच. त्यांनी वॉलमार्टला हा खेळ दुकानांतून काढायची मागणी केली. समीक्षकांनी, विषय बाजूला ठेवला तरी खेळ म्हणून तो कच्चाच असल्याचं सांगितलं. ना मजा, ना निष्ठा.

त्याच सुमारास काहींनी हा तिढाच टाळला. २००८ च्या 'गिटार प्रेझ'मध्ये खेळण्यातली गिटार आणि ख्रिस्ती रॉक गाणी. पनामातल्या जागतिक युवा दिनाच्या तोंडावर २०१८ मध्ये 'फॉलो जेसी गो' आला. फोन घेऊन शहरात हिंडायचं आणि प्रश्नांची उत्तरं देऊन संत गोळा करायचे. निरुपद्रवी, चटकन विसरले जाणारे.

एक गोष्ट मात्र मला फार बोलकी वाटते. १९९३ मध्ये 'मिस्ट' नावाचा खेळ आला आणि पुढे जवळजवळ दशकभर संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ तोच होता. निर्जन बेट, जुनी पुस्तकं, कोडी. बंदूक नाही, मरण नाही, घाई नाही. तो करणारे रँड आणि रॉबिन मिलर हे भाऊ एका धर्मोपदेशकाची मुलं. त्यात वचन एकही नाही. पण थांबून बघ, ऐक, समजून घे, ही क्रियापदं त्यांनी कुठून आणली असतील?

आता शेवटचा खेळ. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर', जानेवारी २०१६. कोलोरॅडोतल्या लव्हलँड गावचे रायन आणि एमी ग्रीन. त्यांचा मुलगा जोएल वर्षाचा असताना त्याला मेंदूचा एक दुर्मीळ कर्करोग असल्याचं निघालं. २०१० च्या अखेरीला डॉक्टरांनी हात टेकले, आता थोडाच काळ म्हणाले. जोएल त्यानंतर तीन वर्षांहून अधिक जगला आणि मार्च २०१४ मध्ये, पाच वर्षांचा होऊन गेला. खेळ करायला घेतला तेव्हा तो जिवंत होता. आईबापांना वाटत होतं, कदाचित शेवट चमत्काराचा होईल. तो गेल्यावर त्यांनी खेळ पुष्कळसा नव्यानं रचला.

त्यातला एक प्रसंग रुग्णालयातला आहे, आणि खेळाची कल्पना मुळात याच रात्रीतून निघाली. जोएलच्या अंगातलं पाणी कमी झालं आहे, पोटात काही ठरत नाही, तो रडतो आहे. तुम्ही बाप आहात. खोलीत ज्या ज्या वस्तूवर बोट ठेवावं तिथे काही ना काही होतं. रस पाजून बघता येतो, कडेवर घेता येतं, येरझाऱ्या घालता येतात. कशानंही रडणं थांबत नाही. खेळांची सवय असलेला माणूस हमखास वाट शोधत राहतो, कारण आजवर प्रत्येक खेळानं त्याला शिकवलंय की वाट असते. इथे नाही. बटणं संपतात. मग बाप प्रार्थना करतो आणि मुलाचं रडणं शमतं. प्रार्थनेचं बटण 'इटर्नल फोर्सेस'मध्येही होतं, पण तिथे ते बळ भरायचं यंत्र होतं. इथे सगळे उपाय संपल्यावर ती येते, आणि पुढे मूल जगत नाही. खेळ दोन्ही सांगतो, कुठलंच झाकत नाही.

मजेचं काय, असं कुणी विचारेल. आहे ना! रुग्णालयाच्या बोळांतून खेळण्यातल्या गाडीची शर्यत आहे, अगदी मारियोच्या शर्यतीसारखी. वाटेत वस्तू गोळा करत सुसाट जायचं. शर्यत संपते आणि गोळा केलेल्या वस्तूंची यादी पडद्यावर येते, तेव्हा कळतं की जोएलला दिलेली औषधं आणि उपचार आपण वेचत होतो. आणखी एके ठिकाणी आईबाप जोएलच्या भावांना झोपताना गोष्ट सांगत आहेत. गोष्ट म्हणजेच एक जुन्या धर्तीचा, चौकोनी ठिपक्यांचा खेळ. चिमुकला सरदार जोएल उड्या मारतो, भाले फेकतो, समोर कर्करोगाचा अजगर. भाऊ मध्येच विचारतात, मग तो जिंकला का? उडी तीच, फेकणं तेच, १९९१ चंच म्हणा ना. पण आता फेकण्याला अर्थ आहे, कारण तो अजगर कितीही भाले मारले तरी मरणार नाही, हे गोष्ट सांगणाऱ्याला ठाऊक आहे.

खेळासाठी लोकवर्गणीतून लाखभर डॉलर जमले होते. पैसे देणाऱ्यांपैकी अनेकांनी आपापल्या गेलेल्या माणसांच्या आठवणी पाठवल्या. खेळातल्या रुग्णालयाच्या बोळात त्यांची कार्डं मांडलेली आहेत. एक एक उघडून वाचता येतं. २०१६ मध्ये त्याला 'गेम ॲवॉर्ड्स'चा सामाजिक परिणामाचा पुरस्कार मिळाला, २०१७ मध्ये नावीन्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा मिळाला. निकाल देणारे काही ख्रिस्ती दुकानदार नव्हते. पैसा मात्र मिळाला नाही. लाखो लोकांनी दुसऱ्यानं खेळलेल्या खेळाचं चित्रीकरण यूट्यूबवर फुकट पाहिलं, रडले आणि खेळ विकत घ्यायची गरज त्यांना उरली नाही. विक्रीतून आमच्या हाती अजून काही आलेलं नाही, असं रायन ग्रीन यांनी मार्च २०१६ मध्ये जाहीरपणे लिहिलं. विजडम ट्रीचा खेळ लोकांनी न खेळता विकत घेतला होता, हा लोकांनी विकत न घेता पाहिला.

शेवटचा प्रवेश एका मोकळ्या जागेतला आहे. जोएल बसला आहे, शेजारी कुत्रा आहे, समोर पॅनकेकची भली मोठी चळत. तो बोलू शकतो, जे त्याला इथे असताना फारसं जमलं नव्हतं. गुण नाहीत, वेळ मोजणारं घड्याळ नाही. त्याच्याजवळ हवं तितका वेळ बसता येतं.